केळीचा घड पिकतो कसा? – जनुके, विकरे आणि खानदेशातील बागायतदार

खानदेशातील केळीचा व्यापार हा हिरव्या मालाचा व्यापार आहे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतून, तसेच धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातून निघालेला घड दिल्लीसारख्या दूरच्या बाजारपेठेत पोचेपर्यंत हिरवाच राहिला पाहिजे. आणि तेथे पोचल्यावर मात्र तो ठरल्या दिवशी व सर्व बाजूंनी सारखा पिकला पाहिजे. या दोन अपेक्षा परस्परविरुद्ध दिसतात. परंतु बागायतदाराचा नफातोटा या दोहोंच्या मेळावरच अवलंबून असतो.

मागे एका उन्हाळ्यात रावेर तालुक्यातील एका गावी शिवारफेरीसाठी गेलो असता तेथील एक वडीलधारे बागायतदार, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, चिंतातुर होऊन बसलेले दिसले. त्यांच्या मालाची गाडी उत्तरेकडे गेली होती. पोचल्यावर पाहतात तो मधल्या थरातील माल पिवळा पडून मऊ झालेला, व कडेचा माल हिरवाच. व्यापाऱ्याने सरसकट साऱ्या गाडीचा भाव पाडला. आबांनी विचारले, “साहेब, रोपे एकाच जातीची, लावण एकाच आठवड्यातली. खत एक, पाणी एक. मग मधलाच माल का पिकला?” जमलेल्यांपैकी कोणी उन्हास दोष दिला, कोणी खतास, तर कोणी व्यापाऱ्याच्या नियतीस.

प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर सजीवांच्या जडणघडणीच्या मुळापर्यंत जाते. ते नीट समजले तर बांधावरची व गाडीवरची पुष्कळशी हानी टाळता येईल. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व बागायतदार बंधूंनी हा विषय थोडा सावकाश समजून घ्यावा, अशी विनंती आहे.

पिकणे म्हणजे काय?

हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे २० ते २५ टक्के पिष्ट, म्हणजे स्टार्च, असते व साखर नावापुरती असते. केळे पूर्ण पिकले म्हणजे हे पिष्ट एक-दोन टक्क्यांवर येते आणि साखरेचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते. याच काळात सालीतील हरितद्रव्य मोडते व मुळातच दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. पेशींच्या भिंती ज्या पेक्टिनने सांधलेल्या असतात ते विरघळू लागते व गर मऊ होतो. तुरटपणा जातो, सुगंध सुटतो. म्हणजे पिकणे हे एक काम नसून एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांचा समूह आहे.

ही कामे आपोआप होत नाहीत. हिरव्या केळ्याच्या चकत्या वाळवून पीठ करून ठेवले तर ते कित्येक महिने पीठच राहते. त्याची साखर होत नाही. पिष्ट तेच, पण त्यावर काम करणारे कोणी नाही. झाडावरून काढलेल्या जिवंत फळात मात्र हे काम करणारे कारागीर तयार होतात. त्यांनाच शास्त्रात विकरे, अथवा इंग्रजी नावाने एन्झाइम, असे म्हणतात.

विकरांचा आपल्यास रोजचा अनुभव आहे. ज्वारीची भाकरी तोंडात बराच वेळ चावीत राहिले तर ती गोड लागू लागते. कारण लाळेतील विकर पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागते. ज्वारीस मोड आले की दाणा गोडसर होतो, तेही याच जातीच्या विकरामुळे. विकरे ही बहुतांशी प्रथिने असतात. अत्यल्प प्रमाणात असूनही ती प्रचंड काम करतात व काम झाल्यावर स्वतः खर्ची पडत नाहीत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. गावात सुताराचे काम सुताराने व कुंभाराचे कुंभाराने करावे, तसे पिष्ट फोडणारे विकर पेक्टिनला हात लावीत नाही, व पेक्टिन विरघळवणारे विकर हरितद्रव्याकडे पाहत नाही. केळ्याच्या गोडीस एक विकर-समूह, मऊपणास दुसरा, रंगास तिसरा व सुवासास चौथा, अशी कामाची वाटणी असते.

दप्तर आणि उतारा

आता पुढचा प्रश्न असा, की ही विकरे तयार करण्याचा हुकूम कोण देते? येथे जनुकाचा संबंध येतो.

केळीसारख्या वनस्पतीच्या पेशीत एक केंद्रक असते व त्यात गुणसूत्रे असतात. गुणसूत्र हे डीएनए नावाच्या पदार्थाच्या लांबच लांब धाग्याचे बनलेले असते. या धाग्यावर चार प्रकारच्या रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. त्यातील ज्या परिच्छेदात एखादे प्रथिन कसे बनवावे याची कृती नोंदलेली असते, त्या परिच्छेदास सामान्यतः जनुक म्हणतात.

तलाठ्याच्या दप्तराचे उदाहरण घ्यावे. जमिनीची मूळ नोंद दप्तरात असते. ती कोणी घरी नेत नाही. कर्जाचे काम असो वा वाटणीचे, आपण त्या नोंदीचा उतारा काढतो, आणि पुढची सारी कामे त्या उताऱ्यावर होतात. पेशीतही असेच घडते. डीएनएवरील मूळ मजकूर केंद्रकातच राहतो. जेव्हा एखाद्या प्रथिनाची गरज लागते, तेव्हा तेवढ्याच जनुकाचा उतारा काढला जातो. हा उतारा आरएनए नावाच्या पदार्थाचा असतो. तो केंद्रकाबाहेर येतो व रायबोसोम नावाच्या अतिसूक्ष्म कारखान्यात वाचला जातो. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचून त्यानुसार एकेक अमिनो आम्ल जोडले जाते. अशा २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ पुरी झाली व तिला योग्य घडी पडली, की विकर तयार झाले.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही, की मूळ नोंदीत चूक झाली तर विकर सदोष निघते, अथवा मुळीच निघत नाही. दुसरी, आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, ही की नोंद दप्तरात आहे एवढ्याने काम होत नाही. उतारा निघाला पाहिजे. दप्तरात नोंदी हजारो असतात. आज कोणता उतारा काढला गेला, किती प्रती काढल्या गेल्या, यावर आजचे काम ठरते.

हे ज्ञान कसे झाले?

सन १९०२ मध्ये इंग्लंडमधील आर्चिबाल्ड गॅरॉड या वैद्यांनी काही कुटुंबांत आढळणाऱ्या एका विकाराचा अभ्यास केला. या विकारात रुग्णाचे मूत्र हवेत राहिल्यास काळे पडते. हा दोष वंशपरंपरेने येतो, आणि शरीरातील एक ठरावीक रासायनिक काम अडल्यामुळे घडतो, असे अनुमान त्यांनी पुढे मांडले. परंतु त्या काळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

सन १९४१ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज बीडल व एडवर्ड टेटम यांनी पावावर येणाऱ्या एका बुरशीवर क्ष-किरण सोडले. त्यामुळे तिच्या जनुकांत फेरबदल झाले. काही बुरशांना एखादे जीवनसत्त्व वा अमिनो आम्ल स्वतः बनवता येईनासे झाले. ते बाहेरून दिले तरच त्या वाढत. एक जनुक बिघडले की एक रासायनिक पायरी अडते, असे यावरून दिसले. ‘एक जनुक, एक विकर’ हे सूत्र त्यातून निघाले व १९५८ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढील संशोधनाने या सूत्रात दुरुस्ती झाली आहे. काही विकरे एकाहून अधिक जनुकांच्या प्रथिनांनी मिळून बनतात, आणि पुष्कळ जनुके विकरांखेरीज इतर प्रथिनेही बनवतात. तरीही मूळ विचार टिकून आहे.

उतारा केव्हा निघावा हे कोण ठरवते, याचा शोध फ्रान्समधील फ्रान्स्वा झाकोब व झाक मोनो यांनी लावला. आतड्यात राहणारा एक जिवाणू दुधातील साखर पचवणारे विकर सदासर्वकाळ बनवीत बसत नाही. दुधातील साखर समोर आली, व ग्लुकोजसारखी सोपी साखर जवळ नसली, तरच तो ते भरपूर बनवतो. एरवी त्या जनुकावर एक प्रथिन अडसर होऊन बसलेले असते. हा सिद्धान्त १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला व १९६५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जनुकास अडसर असतो, आणि बाहेरील परिस्थिती तो अडसर काढू शकते, हा विचार केळीच्या पिकण्यास हुबेहूब नसला तरी तत्त्वतः लागू पडतो.

सर्व घडांत दप्तर एकच

आपण लावतो ती बसराई, श्रीमंती अथवा ग्रँड नैन ही केळी एकाच कॅव्हेंडिश गटातील आहेत. या गटात ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. अशा विषम संचामुळे त्यांत बी धरत नाही, व लागवड कंदापासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून करावी लागते. बियाणे नसल्याने जनुकांची सरमिसळ होत नाही. म्हणून एका जातीच्या साऱ्या बागेतील, एवढेच नव्हे तर साऱ्या तालुक्यातील झाडांचे जनुकीय दप्तर जवळजवळ एकच असते. कधीमधी कंदात वा प्रयोगशाळेतील रोपात आपोआप फेरबदल होऊन वेगळे झाड निघते, तो अपवाद होय.

सन २०१२ मध्ये केळीच्या एका रानटी जातीच्या वाणातील डीएनएचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ३६,५०० जनुके आढळली. पिष्ट फोडणाऱ्या विकराचे जनुक कोवळ्या फळातही असते, पानातही असते व मुळातही असते. परंतु पान गोड होत नाही. मग पक्व फळातच उतारा का निघतो?

एका वायूचा हुकूम

याचे उत्तर इथिलीन या वायूत आहे. सन १९०१ मध्ये रशियातील दिमित्री नेल्यूबॉव यांनी दिव्याच्या वायूतील इथिलीनमुळे वाटाण्याच्या रोपांची वाढ बिघडते हे दाखवले. सन १९३४ मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड गेन यांनी पिकणारी फळे स्वतःच इथिलीन सोडतात हे सिद्ध केले. आपल्या पूर्वजांना नाव ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक होता. आंब्याची अढी घालणे म्हणजे फळांनी सोडलेला हा वायू गवतात कोंडून ठेवणे होय. केळीस धुरी देण्याच्या जुन्या रीतीतही धुरातील इथिलीनच काम करीत असे.

फळात इथिलीन बनते ते दोन विकरांच्या साहाय्याने. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून सुरुवात होते. पहिले विकर, एसीसी सिंथेज, एसीसी नावाचा मधला पदार्थ बनवते. दुसरे विकर, एसीसी ऑक्सिडेज, त्याचे इथिलीन करते. हा मधला पदार्थ १९७९ मध्ये शांग फा यांग व त्यांचे सहकारी यांनी ओळखला. या दोन्ही विकरांची स्वतंत्र जनुके केळीत आहेत. हिरव्या घडात त्यांचे उतारे फारच थोडे निघतात.

पेशीत इथिलीन ओळखणारी ग्राहक-प्रथिने असतात. इथिलीन नसताना ही प्रथिने पहारेकऱ्याप्रमाणे पिकण्याचा संदेश रोखून धरतात. इथिलीन त्यांना चिकटले की पहारा उठतो, संदेश केंद्रकात पोचतो, आणि एकामागून एक जनुकांचे उतारे निघू लागतात. पिष्ट फोडणारी विकरे, पेक्टिन विरघळवणारी विकरे व हरितद्रव्य मोडणारी विकरे कामास लागतात. आणि यातच एक विशेष आहे. ज्यांचे उतारे आता भराभर निघतात त्यांत इथिलीन बनवणाऱ्या त्या दोन विकरांची जनुकेही असतात! म्हणजे थोडे इथिलीन आले की फळ स्वतः अधिक इथिलीन बनवते, व त्यामुळे आणखी अधिक. वाळल्या गवतास ठिणगी लागावी तसा हा प्रकार आहे. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, किंवा त्याहूनही कमी, इथिलीन तयार झालेल्या केळ्यास पिकण्याच्या मार्गास लावण्यास पुरेसे होते. एकदा ही साखळी पेटली की ती मागे फिरवता येत नाही.

हे केवळ तर्क नव्हेत. सन १९९१ मध्ये अमेरिकेत एसीसी सिंथेजच्या जनुकाचे काम दाबलेली टोमॅटोची झाडे तयार करण्यात आली. त्यांची फळे पिकेनात. बाहेरून इथिलीन दिल्यावर मात्र पिकली. सन २०२१ मध्ये चीनमधील संशोधकांनी केळीतील एसीसी ऑक्सिडेजच्या एका जनुकात जनुक-संपादनाने फेरबदल केला. त्या केळ्यांत इथिलीन कमी बनले व ती अधिक दिवस टिकली. जनुक बदलले, विकर घटले, वायू घटला आणि पिकणे लांबले, हा क्रम अशा रीतीने प्रत्यक्ष सिद्ध झालेला आहे.

आबांच्या गाडीत काय घडले?

दुसऱ्या खेपेस आम्ही आबांच्या बागेत हिंडलो. नाल्याकडच्या सखल भागात करपा रोगाने निम्म्याहून अधिक पाने गेलेली होती. पाने गेल्यावर घडास पुरेसे अन्न मिळत नाही, आणि असा घड वरून हिरवा दिसला तरी आतून पिकण्याकडे झुकलेला असतो. तो झाडावर किंवा वाहतुकीत अकाली पिकतो. कापणीच्या दिवशी हाच भाग प्रथम तोडला गेला होता व तेच घड गाडीच्या पोटात गेले होते. शिवाय घाईत फेकाफेक होऊन काही फण्या खरचटल्या होत्या. जखम झालेले फळही जादा इथिलीन सोडते. दुपारच्या उन्हात भरलेली गाडी, आत कोंडलेली उष्णता, वायू बाहेर जाण्यास वाट नाही. थोड्या रोगट व जखमी फळांनी सोडलेला वायू शेजारच्या निरोगी फळांस लागला, त्यांचे पहारे उठले, व मधला थर पेटत गेला. कडेच्या मालास वारा लागत होता, म्हणून तो वाचला.

जात दोषी नव्हती, खत दोषी नव्हते. दप्तर साऱ्या घडांत एकच होते. उतारा काढण्याचा हुकूम मात्र चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी सुटला. आबा ऐकून म्हणाले, “म्हणजे दहा घडांनी सारी गाडी नासवली म्हणायची!” त्यांनी एका वाक्यात सारे शास्त्र सांगितले.

ऊन आणि थंडी

जनुकाने विकर बनवले तरी ते काम करील की नाही, हे तापमानावर अवलंबून असते. साधारणपणे तापमान १० अंशांनी वाढले की विकरांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. पण मर्यादेपलीकडे गेल्यास विकराची घडी बिघडून ते निकामी होते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सुमारे २५ अंशांच्या वर कॅव्हेंडिश केळी पिकवली तर गर मऊ होतो, परंतु सालीतील हरितद्रव्य पुरते मोडत नाही. असे केळे आतून पिकलेले व बाहेरून हिरवट दिसते, आणि गिऱ्हाईक त्यास नाकारते. म्हणूनच पक्वनगृहात १६ ते १८ अंश तापमान राखतात.

थंडीचे उलट आहे. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते. केळी हे मुळात उष्ण व दमट प्रदेशातील पीक. सुमारे १३ अंशांखाली फळ फार वेळ राहिल्यास पेशींतील पातळ पडदे बिघडतात. एरवी फिनॉल वर्गातील पदार्थ एका कप्प्यात, तर त्यांना काळे करणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर दुसरीकडे असते. पडदे बिघडले की दोघे एकत्र येतात व सालीखाली तपकिरी रेषा उठतात. कापलेले केळे काळे पडते तेही याच विकरामुळे. अशा चरका बसलेल्या मालास पिकल्यावर तेज येत नाही. तो मळकट पिवळा दिसतो.

कार्बाइडचा मोह

कॅल्शियम कार्बाइडवर ओलावा पडला की ॲसिटिलीन वायू निघतो. त्याची ठेवण इथिलीनशी थोडीशी जुळत असल्याने तो त्याच ग्राहक-प्रथिनांना फसवतो. परंतु काम दुर्बळपणे करतो. साल पिवळी दिसते, गर मात्र पुष्कळदा कच्चाच राहतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की बाजारातील कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसयुक्त विषारी घटकांचा अंश असतो. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनुसार कार्बाइडने फळे पिकविण्यास मनाई आहे. सन २०१६ पासून इथिलीन वायू दहा लाखांत १०० भागांपर्यंत वापरण्यास मुभा आहे. इथेफॉनपासून वायू निर्माण करता येतो, परंतु फळे इथेफॉनच्या द्रावणात बुडवणे नियमास धरून नाही.

इथिलीन हा फळाचा स्वतःचाच हुकूम आहे. तो योग्य प्रमाणात दिला असता कोणतेही विष फळात जात नाही, आणि सारी जनुके आपल्या क्रमाने काम करतात. फरक एवढाच, की साऱ्या फळांस हुकूम एकाच वेळी पोचतो व माल सारखा पिकतो.

जनुके बदलण्याचे प्रयत्न

दप्तरातील नोंदच दुरुस्त केली तर? त्या दिशेने जगात काम चालू आहे. काळे करणाऱ्या विकराचे जनुक बंद केलेली, म्हणजे कापल्यावर लवकर काळी न पडणारी केळी इंग्लंडमधील एका कंपनीने जनुक-संपादनाने तयार केली व २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या शासनाने तीस जनुकीय परिवर्तित पिकांच्या नियमांतून वगळले. आपल्या बागायतदाराने मात्र अशा केळीच्या भरवशावर आजचे काम ढिले सोडू नये. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, व २०२१ मध्ये तांदलवाडी येथील मानांकित केळी दुबईस निर्यात झाली. ही झेप जनुकांत काही बदल करून नव्हे, तर असलेल्या जनुकांस योग्य वेळी काम देऊन घेतलेली आहे.

बागायतदारांनी काय करावे?

१. घड निसवल्याची तारीख रंगीत फितीने नोंदवावी. एकाच आठवड्यातील घड एकत्र तोडावेत, म्हणजे पक्वता सारखी राहील. दूरच्या बाजारासाठी पाऊण ते ऐंशी टक्के भरलेला, किंचित कोन असलेला घड तोडावा. जवळच्या बाजारासाठी अधिक भरलेला चालतो.

२. करप्याची पाने वेळीच काढून नष्ट करावीत. ज्या झाडांची पाने फार गेली आहेत त्यांचे घड दूरच्या गाडीत मुळीच घालू नयेत. ते वेगळे करून जवळच विकावेत.

३. कापणी व भरणी सकाळी लवकर अथवा सायंकाळी करावी. तोडलेला माल सावलीत ठेवावा. घड आपटू नये, फण्यांवर बसू नये. चीक धुण्यासाठी तुरटीचे पाणी वापरावे.

४. भरताना एकेक फणी पाहावी. एकही पिवळे, फुटलेले वा खरचटलेले केळे आत जाऊ देऊ नये. थरांमध्ये हवा खेळण्यास जागा ठेवावी. पिकलेली फळे हिरव्या मालाशेजारी ठेवू नयेत.

५. खोक्यांतून दूर पाठवावयाच्या मालात पोटॅशियम परमँगनेटमध्ये भिजवलेल्या सच्छिद्र पदार्थाच्या पुड्या ठेवल्यास त्या इथिलीन शोषून घेतात. पुडी फळास लागू देऊ नये. शीतवाहनात तापमान १३ ते १४ अंश राखावे; त्याखाली नेल्यास चरका बसतो.

६. हिवाळ्यात रात्री पाणी द्यावे, पहाटे बांधावर धूर करावा, घडास सच्छिद्र पॉलिथीनची पिशवी घालावी व बागेभोवती शेवरी अथवा गजराज गवताचे वारारोधक कुंपण ठेवावे.

७. पक्वनगृहात ९० ते ९५ टक्के आर्द्रता असावी. इथिलीन सुमारे २४ तास द्यावे व नंतर दारे उघडून हवा बदलावी. कारण फळांनी सोडलेला कर्बवायू साचला तर तो इथिलीनच्या कामात अडथळा आणतो. चार ते सहा दिवसांत माल तयार होतो. इथिलीन ज्वालाग्राही आहे, म्हणून आत विडी, दिवा अथवा ठिणगी नेऊ नये.

८. ऊतिसंवर्धित रोपे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचीच घ्यावीत, व बागेत वेगळ्या ठेवणीचे झाड दिसल्यास ते काढून टाकावे. अशा झाडाच्या कंदापासून लागवड केली तर दप्तरातील चूक पुढच्या पिकात उतरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय सभेत समजावताना एक लहानसा प्रयोग करून दाखवावा. एकाच फणीची सहा हिरवी केळी घ्यावीत. तीन एका कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्यासह ठेवावीत व तीन दुसऱ्या पिशवीत तशीच ठेवावीत. दोन्ही पिशव्या एकाच खोलीत सावलीत ठेवाव्यात व रोज उघडून पाहाव्यात. कोणती तीन आधी पिवळी झाली, हे पाहिल्यावर अधिक व्याख्यानाची गरज राहणार नाही.

आबांनी पुढच्या कापणीस सखल भागातील घड वेगळे केले व ते भुसावळच्या बाजारी पाठवले. उरलेला माल सायंकाळी भरला, आणि शेवटची फणी आत जाईपर्यंत स्वतः गाडीजवळ उभे राहिले. ती गाडी हिरवी पोचली.